बिननावाची दोन शिखरं

१

घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ सकाळी आपल्या कामाच्या खुर्चीतच मेलेले सापडले. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच होतं. वय चौऱ्याहत्तर, त्यात दम्याचा जुना त्रास, त्यामुळे डॉक्टर दाखला लिहून मोकळे होणार होते. पण सून आडवी आली. गेले आठ-दहा दिवस बाबांचं काहीतरी बिनसलंय, रक्त तपासल्याशिवाय मी त्यांना नेऊ देणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं.

रक्त तपासलं, आणि त्यात झोपेचं एक औषध निघालं. ते गावातल्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेआधी द्यायच्या इंजेक्शनात तेवढं वापरायचे, आणि तिथल्या औषधांच्या कपाटाची किल्ली या सुनेकडेच असायची. ती तिथली फार्मासिस्ट. पोलिसांना आणखी काय हवं होतं? आज पाच महिने ती कोठडीत होती.

"मारणारी बाई स्वतःच रक्त तपासा म्हणेल का हो?" तिच्या वकीलबाईंनी मला विचारलं.

"अतिशहाणी असली तर म्हणेल," मी म्हटलं.

माझा स्वभाव असाच आहे. सरकारी रासायनिक प्रयोगशाळेत एकतीस वर्षं घासली, त्यातली शेवटची नऊ अमली पदार्थांच्या विभागाची प्रमुख म्हणून. रडणाऱ्या माणसापेक्षा बाटलीतल्या पावडरीवर जास्त विश्वास ठेवायची सवय लागली ती लागलीच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. वकीलबाई गुरुवारी सकाळी घरी आल्या तेव्हा मी गुडघ्याला शेक देत बसले होते. सुनावणी सोमवारी होती.

अहवालाखाली माझ्याच एका विद्यार्थ्याची सही होती. ती पाहून आधी अभिमान वाटला. मग मी मागे जोडलेला यंत्राचा आलेख उलगडला आणि शेक बाजूला ठेवला.

आलेखावर शिखरं तीन होती, म्हणजे औषधं तीन. अहवालात नाव एकाचंच होतं.

२

इथे थोडं शिकवावं लागेल, इलाज नाही. झोपेची आणि गुंगीची ही औषधं एकाच घराण्यातली असतात. मधला सांगाडा सगळ्यांचा सारखाच. कुणाच्या बाजूला एखादा अणू जास्त लटकतो, कुणाचा गळलेला असतो, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्यानं एक भाऊ चार तास झोपवतो आणि दुसरा चार दिवस अंगातून हलत नाही. काही भाऊ डॉक्टर लिहून देतात. काही कुठल्यातरी आडोशाच्या कारखान्यात बनतात, आणि कायद्यानं एकावर बंदी घातली की सहा महिन्यांत नवा भाऊ बाजारात येतो.

यंत्र यांना वेगवेगळं ओळखतं, पण एका अटीवर. त्या भावाचा अस्सल नमुना आधी आपल्या फ्रिजमध्ये हवा. नमुन्यांच्या त्या बाटल्यांना आम्ही लायब्ररी म्हणायचो. जो लायब्ररीत नाही त्याचं शिखर आलेखावर दिसतं, पण त्याला नाव मिळत नाही.

सही करणाऱ्या विद्यार्थ्याला सगळे टाचणी म्हणतात. कुठलाही सुटा कागद दिसला की टाचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आता तोच विभागप्रमुख होता. मला पाहून उठून उभा राहिला, चहा मागवला.

"ही दोन शिखरं कुणाची?" मी आलेख पुढे केला.

"लायब्ररीत नाहीत, मॅडम."

"ते कळलं रे. पण आहेत ना? मग अहवालात का नाहीत?"

 त्याचे कान लाल झाले. मग त्यानं कपाटातून विभागाचं नियमांचं पुस्तक काढलं, पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. 'लायब्ररीतील नमुन्याशी न जुळणाऱ्या कोणत्याही शिखराचा अहवालात उल्लेख करू नये.' खाली तारीख होती. तारखेखाली माझी सही होती.

३

तो नियम मी का केला तेही सांगते, म्हणजे मी अगदीच मूर्ख होते असं वाटायला नको. आमच्याकडच्या एका हुशार पोरीनं एकदा अहवालात 'बहुधा अमुक असावे' असं लिहिलं होतं. त्या 'बहुधा'वर एक ट्रकचालक दोन वर्षं आत राहिला. शेवटी ती पावडर सर्दीच्या औषधाची निघाली. त्यानंतर मी 'बहुधा' हा शब्दच विभागातून हद्दपार केला. जे माहीत आहे तेवढंच लिहायचं, बाकी तोंडाला कुलूप. मला तो नियम फार आवडायचा.

शुक्रवारी सकाळी मी सुनेला भेटले. लोखंडी टेबल, मध्ये जाळी. पस्तिशीची बाई, केस घट्ट बांधलेले. रडली नाही. माझ्या प्रश्नांना तिनं औषधाच्या चिठ्ठीसारखी उत्तरं दिली.

"सासरे झोपेची गोळी घ्यायचे?"

"डॉक्टरांनी दिलेली, साधी. सासूबाई गेल्यापासून झोप लागत नव्हती त्यांना. पाकीट माझ्या कुलपात असायचं. एक आड एक रात्री, एकच गोळी."

"ते जास्त मागायचे?"

"रोज. दम्याच्या माणसाला या गोळ्या जपून द्याव्या लागतात, श्वास मंदावतो. मी नाहीच म्हणायचे. त्यावरून घरात भांडणं झाली. नवरा म्हणायचा, म्हाताऱ्याला कशाला छळतेस? नणंद फोनवर म्हणायची, वहिनी बाबांना झोपसुद्धा मोजून देते. हेच पोलिसांनी लिहून घेतलं. माझा त्यांच्यावर राग होता म्हणे."

"होता?"

"होता. नर्सनं रागावू नये, फार्मासिस्टनं रागावू नये, सुनेनं तर नाहीच नाही. पण होता. आणि मला ते हवे होते, मावशी. घरात माझी बाजू घेणारे तेवढे एकच होते."

मला कुणी मावशी म्हटलेलं फारसं आवडत नाही. तिला मी काही बोलले नाही.

"इस्पितळातलं इंजेक्शन?"

"एक कुपी कमी भरली नाही. दोनदा मोजलं. पोलीस म्हणतात, रुग्णाला अर्धी टोचून अर्धी मी चोरली असेल." मग तिनं कपाळ चोळलं. "एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. शेवटच्या अकरा रात्री बाबांनी माझ्याकडे गोळी मागितलीच नाही. मला बरं वाटलं. सवय सुटली म्हटलं."

झोपेसाठी रोज हट्ट करणारा माणूस एके दिवशी मागायचंच थांबतो. मला तरी ते बरं वाटलं नाही.

४

घरी नवरा होता. पुढच्या खोलीत वडिलांचं दुकान, मागे दोन खोल्या. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला. वडिलांच्या पश्चात दुकानाची जागा भाड्यानं द्यायची बोलणी त्यानं सुरू केली होती, हे मला आधीच कळलं होतं. बायकोच्या किल्ल्या रोज याच्याच घरात खुंटीवर असायच्या. माझं मन लगेच तिकडे धावलं.

"तुम्हाला काय वाटतं, तिनं केलं?" मी विचारलं.

"अहवालात आलंय ना? मशीन खोटं बोलत नाही." त्याचा आवाज चिरका झाला. "मी पाच महिने हेच घोकतोय. तिनं नसेल केलं, तर मी पाच महिने तिला भेटायला गेलो नाही याचं काय करू?"

खोटं बोलणारी माणसं मी कोर्टात खूप पाहिली आहेत. हा खोटं बोलत नव्हता. हा भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला जिथे उभं केलं तिथे तो उभा राहतो.

"शेवटचे दहा दिवस वडील कसे होते?"

"पेंगलेले. शर्टाची बटणं खालीवर लावायचे. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात काटे उलटे बसवले त्यांनी. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. मला वाटलं, वय झालं."

मी कामाच्या टेबलाशी गेले. चिमटे, बारीक पेचकस, तेलाची कुपी. पाच महिन्यांच्या धुळीखालीही टेबलाचं लाकूड तेलानं काळं पडलेलं दिसत होतं. फक्त उजव्या हाताला ताटाएवढ्या चौकोनी तुकड्यावर ते फिकट होतं.

"इथे काय होतं?"

"बाबांच्या डब्यांचा ट्रे. काचेच्या झाकणाच्या गोल डब्या असतात ना, चाकं आणि स्क्रू ठेवायच्या. बाबा काहीही लहान वस्तू हातात आली की डबीत टाकायचे. बटण, सुई, पडलेला दातसुद्धा. छोटीनं तो ट्रे नेला. आठवण म्हणून."

"छोटी म्हणजे?"

"माझी बहीण. शेजारच्या गावात चष्म्याचं दुकान आहे तिचं."

"ती त्याआधी कधी आली होती?"

तो बोटं मोजत राहिला. "बाबा गेले त्याच्या बारा दिवस आधी. एकच दिवस."

५

संध्याकाळी वकीलबाईंच्या कचेरीत मी आलेख भिंतीला चिकटवला.

"इस्पितळाचं औषध टोचलं असतं, तर रक्तात ते एकटंच सापडलं असतं. या घराण्यात उलटा प्रवास होत नाही, त्याच्यापासून वरचे भाऊ बनत नाहीत. पण इथे त्याच्या शेजारी दोघं आहेत, आणि दोघांचं वजन पाहा. यंत्र नाव सांगत नाही, पण वजन सांगतं. फरक एकेका तुकड्याचा. थोरल्यातलं काही काढायचं, काही चिकटवायचं, की मधला तयार. मधल्याला तसंच केलं, की धाकटा, म्हणजे इस्पितळाचं औषध. हे काम माणसाचं यकृत करतं, शिंप्यासारखं, आयुष्यभर."

"म्हणजे इस्पितळाचं औषध बाहेरून आलंच नाही?"

"ते त्यांच्याच अंगात तयार झालं. पोटात गेला थोरला, ओळखला गेला धाकटा. धाकटा पोलिसांच्या ओळखीचा होता, म्हणून त्याला धरलं. थोरला नवा आहे, आमच्या लायब्ररीत नाही. असले थोरले चार-चार दिवस अंगातून जात नाहीत. रोज एक घेतली तर कालची आत असतानाच आजची येते, आणि दम्याचा माणूस हळूहळू श्वास घ्यायचाच विसरतो. दहा दिवस पेंगणं, चुकलेली बटणं, मागायची थांबलेली गोळी, सगळं त्यात बसतं. त्यांना दुसरीकडून गोळ्या मिळाल्या होत्या."

वकीलबाई खुर्चीतून उठल्या. "मग सोमवारी हेच सांगा!"

"काय सांगू? 'बहुधा'?" मी म्हटलं. "सरकारी वकील माझाच नियम माझ्या तोंडावर फेकेल. थोरल्याचा अस्सल नमुना मिळाला, यंत्रात घातला आणि शिखर त्याच जागी आलं, तरच बोलता येईल. ती गोळी हवी. एक तरी."

६

शनिवारी दुपारी मी चष्म्याच्या दुकानात गेले. अरुंद जागा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काचा घासायच्या यंत्राचा बारीक आवाज. तिशीची बाई, वडिलांसारखंच भिंग डोळ्याला. मी कोण ते सरळ सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"अहवालात सगळं स्पष्ट आहे ना?" ती म्हणाली. "वहिनीनंच दिलं."

तिच्या मागच्या फळीवर तो ट्रे होता. आठ गोल डब्या. सात डब्यांत चष्म्याचे स्क्रू, नाकपट्ट्या. आठवीचं झाकण चिकटपट्टीनं गुंडाळलेलं होतं. आत पांढरं काहीतरी होतं. मी तिकडे पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनं पाहिलं.

"बाबा फोनवर रडायचे हो," ती हळूच म्हणाली. "आई गेल्यावर माणूस रात्र-रात्र भिंतीकडे बघत बसतो. वहिनी नाही म्हणायची. मी फोनवर शोधलं. झाडपाल्याच्या गोळ्या, सौम्य, सवय लागत नाही, असं लिहिलं होतं. पाकिटावर पानाचं चित्र होतं. मीच त्यांच्या हातात दिल्या. वहिनीला सांगू नका म्हटलं. बाबांनी लगेच सोलून डबीत भरल्या."

"आणि ते गेल्यावर?"

"आल्याबरोबर डबी बघितली. अकरा गोळ्या कमी झाल्या होत्या. ट्रे उचलून आणला. पंधरा दिवस मी जेवले नाही. मग अहवाल आला, इस्पितळातलं औषध म्हणून." तिनं भिंग काढलं. "तो अहवाल आला आणि मी सुटले, मॅडम."

 त्या अहवालानं एकीला आत टाकलं होतं आणि दुसरीला सोडवलं होतं, आणि त्याला कारण माझा लाडका नियम होता. मला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात फार वेळा वाटली नाही, पण तेव्हा वाटली.

"झाडपाल्याच्याच असतील त्या," ती म्हणाली. "हो ना?"

"असू शकतील. तपासल्याशिवाय मी सांगणार नाही."

"आणि तपासून वाईट निघालं तर?"

"तर वहिनी सुटेल. आणि तुला आयुष्यभर माहीत राहील."

"मी दिलीच नाही डबी तर?"

"मी हिसकावणार नाही. हिसकावलेली डबी कोर्टात चालत नाही, तू स्वतः पोलिसांसमोर द्यायला हवी. नाही दिलीस तर ती आत राहील, आणि तुला कधीच नक्की कळणार नाही."

दारात एक गिऱ्हाईक आलं. तिनं त्याला उद्या यायला सांगितलं. मग मलाही म्हणाली, "तुम्ही जा आता." मी पायरी उतरले तेव्हा मागे शटर ओढल्याचा आवाज आला.

७

शनिवारी फोन आला नाही. रविवारी सकाळीही नाही. वकीलबाई दर तासाला विचारत होत्या, आणि मी दर तासाला चिडत होते. पोलिसांना सांगून झडती घेता आली असती. पण झडतीचा हुकूम यायच्या आत आठवी डबी गटारात गेली असती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दुपारी दोन वाजता वकीलबाईंच्या कचेरीच्या जिन्यात छोटी उभी दिसली. एकटीच. दोन्ही हातांत डबी धरली होती, पाखरू धरावं तशी.

"फेकायला निघाले होते," ती म्हणाली. "फेकवली नाही. बाबांनी भरलेली शेवटची डबी आहे ही."

तपास अधिकाऱ्यानं तिच्यासमोर डबी सील केली. टाचणीनं रविवारी प्रयोगशाळा उघडली. यंत्राला अठरा मिनिटं लागतात. एकतीस वर्षांत मी ती अठरा मिनिटं हजारदा काढली असतील, बहुतेक वेळा चहा पीत. त्या दिवशी कुणी चहाचं नावही काढलं नाही. छोटी बाकावर बसून होती.

शिखर वर चढलं. टाचणीनं जुना आलेख त्यावर धरला आणि दिव्यासमोर नेला. पहिलं बिननावाचं शिखर आणि हे शिखर, केसाचाही फरक नव्हता. वजनही तेच. थोरला सापडला होता.

"मधला याच औषधापासून अंगात बनतो, असं दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगशाळेनं छापलेलं आहे, मॅडम," टाचणी पुटपुटला. "मी शोधलंच नव्हतं. अहवालात लिहायचंच नव्हतं, मग शोधायचं कशाला, असं वाटलं."

छोटी उठून माझ्यापाशी आली. "म्हणजे मीच ना?"

तिला काहीतरी मऊ सांगावं असं फार वाटलं. पण तिनं खरं कळावं म्हणून डबी आणली होती.

"हो," मी म्हटलं. "गोळ्या तुझ्याच होत्या. त्यात काय आहे ते तुला माहीत नव्हतं, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. आणि ते पाच महिने लपलं ते माझ्यामुळे, हेही सांगेन."

तिनं मान हलवली आणि परत बाकावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. माझा गुडघा ठणकत होता. 

टाचणीनं नियमांचं पुस्तक आणलं. "हा नियम खोडू?"

"बदल. लिही, आणखी जे दिसतं ते सगळं नोंदवावं, आणि नाव माहीत नसेल तर नाव माहीत नाही असं लिहावं."

"कोर्टात हसतील, मॅडम."

"हसू देत."

८

सोमवारी मी साक्षीला उभी राहिले. सरकारी वकिलानं माझ्या नियमावरून मला तासभर सोलून काढलं, आणि मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं. तरी सुटकेचे कागद व्हायला आणखी नऊ दिवस गेले. छोटीवर काय आरोप ठेवायचा ते अजून ठरत नव्हतं. तिनं आपला जबाब बदलून दिला होता. वकीलबाईंनी तिचंही वकीलपत्र घेतलं.

दहाव्या दिवशी सकाळी सून बाहेर आली. हातात कापडी पिशवी, केस तसेच घट्ट. नवरा फाटकाशी उभा होता, पिशवी घ्यायला हात पुढे करून. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण पिशवी दिली नाही. छोटी रस्त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी होती. मान वर करायची तिची हिंमत नव्हती. सून सरळ रस्ता ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

मला वाटलं, आता थोबाडीत देते. दिली असती तरी मी बोलले नसते.

"वहिनी, मी..." छोटीनं सुरुवात केली.

"ते नंतर रडू," सून म्हणाली.  "दोघी मिळून रडू. त्या गोळ्या जिथून मागवल्यास, ते तुझ्या फोनमध्ये आहे अजून?"

"आहे. पोलिसांनी बघून परत दिला."

"मग ते अजून विकतायत का, ते बघितलंस?"

छोटीनं फोन काढला. पानाचं चित्र तसंच होतं. खाली लिहिलं होतं, या आठवड्यात चारशे जणांनी घेतलं.

सुनेनं फोन तिच्या हातातून घेतला आणि माझ्याकडे वळली. "मावशी, प्रयोगशाळेतले साहेब आज ऑफिसात असतील ना? आणि ते तपास अधिकारी?" मग तिनं छोटीच्या मनगटाला धरलं. "चल. आधी हे."